वरच्या वळणावरचा बर्फ

जावईबापूंनी सासऱ्यांचा उजवा गुडघा दोन्ही हातांत धरला, वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला, वाटीवर अंगठा दाबून ती इकडेतिकडे हलवून पाहिली आणि प्रसन्न चेहऱ्याने वर बघितलं.

"बाबा, गुडघा उत्तम आहे तुमचा. माझ्याकडे तिशीतले पेशंट येतात, त्यांचेसुद्धा असे नसतात."

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. लेकीने नवरा निवडताना वकील निवडायचा, इंजिनियर निवडायचा, तर नेमका फिजिओथेरपिस्ट निवडला होता. हाडांचा कुठलाही बहाणा आता या घरात चालणार नाही हे त्यांना पहिल्याच संध्याकाळी कळून चुकलं. गुडघ्याचं दुखणं त्यांनी स्वतः काढलंही नव्हतं. ते काढलं होतं लेकीने. लग्नानंतर जावई हिवाळ्यात पहिल्यांदाच सासुरवाडीला आले होते, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत त्यांनी बाबांबरोबर डोंगर चढायची इच्छा बोलून दाखवली होती. त्यावर लेक घाईघाईने म्हणाली होती, की बाबांचा गुडघा आताशा कुरकुरतो, त्यांना कशाला त्रास. बापाचा ऊर भरून आला होता. पण तो फार वेळ भरलेला राहिला नाही.

"मग उद्याच निघू," जावई म्हणाले.

आता हे सासरे म्हणजे कोण, ते सांगायला हवं. डोंगराच्या पायथ्याशी, बसचा शेवटचा थांबा संपून जिथे नुसती पायवाट सुरू होते, तिथे त्यांचं दुकान. हिवाळ्यात चढायला येणाऱ्यांना बूट, काठ्या, जाड जॅकेटं, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली चढवायचे काटे, सगळं तिथे भाड्याने मिळायचं. सल्ला फुकट. सुती बनियन घालून वर निघालेल्या माणसाला ते असं काही झापायचे, की तो तिथल्या तिथे लोकरीचं घ्यायचा. घाम हाच खरा शत्रू, निघताना थोडं गारठलेलंच बरं, बूट अर्धा नंबर मोठा हवा आणि पिशवीत मोज्यांची एक कोरडी जोडी हवी, ही त्यांची ठरलेली शिकवण. लोक माना डोलवायचे. सगळा गाव त्यांना शिखरकाका म्हणायचा.

दुकानाबाहेर एक फळा होता. रोज सकाळी काका त्यावर वाटेची हालहवाल लिहायचे. खाली चिखल, ओढ्यापाशी निसरडं, वर भुसभुशीत बर्फ, असं काहीबाही. पण त्यातला शब्द न् शब्द खरा निघायचा. माणसं वर्तमानपत्राआधी तो फळा वाचायची आणि मग ठरवायची, आज वर जायचं की बेकरीत जाऊन बसायचं.

यात एकच बारीकशी अडचण होती. शिखरकाका जन्मात कधी शिखरावर गेले नव्हते. शिखर राहू द्या, पहिल्या वळणावर जे बाकडं आहे त्याच्या पुढे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. उंचावर उभं राहिलं की त्यांच्या पोटात गोळा यायचा आणि डोळ्यांपुढे अंधारी. दुकानात वरच्या फळीवरचे बूट काढायला शिडीवर काकू चढायच्या. काका खालून शिडी धरायचे, तीही डोळे मिटून.

मग फळ्यावरची बातमी यायची कुठून? तर बुटांकडून. संध्याकाळी भाड्याचे बूट परत आले की काका ते दिव्याखाली उलटे धरायचे. तळाच्या खाचांत लाल चिखल आहे की करडा, बर्फाची ओल चामड्यावर कुठपर्यंत चढली आहे, काठीचं टोक दगडावर घासलंय की बर्फात रुतलंय, हे सगळं बघून ते वाट अशी सांगायचे की वर जाऊन आलेल्यालाही सांगता येऊ नये. फसवायचं म्हणून त्यांनी कुणाला कधी फसवलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक म्हणालं होतं, "काका, तुम्ही कालच वर जाऊन आलेले दिसता," आणि काकांचं नाही म्हणायचं राहून गेलं होतं. ते जे राहिलं ते राहिलंच. पुढे दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी पाठीला पिशवी अडकवून पहाटे बाहेर पडणं आलं. ही स्वारी दिवसभर शिंप्याच्या मागच्या खोलीत कॅरम खेळत बसायची. काकूंना ठाऊक होतं, शिंप्याला ठाऊक होतं. बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी.

गावाला कळलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. गाव चार दिवस हसला असता आणि मग निमूटपणे बूट न्यायला आला असता. पण लेकीचं काय? लहानपणी ताप आला की ती औषधाच्या बदल्यात बाबांची डोंगराची गोष्ट मागायची, आणि काकाही पदरचं तिखटमीठ लावून सांगायचे. मला कधी नेणार, असं तिने विचारलं की तिचं पाऊल हातात धरून म्हणायचे, अजून तुझ्या मापाचे काटे निघालेले नाहीत, पुढच्या हिवाळ्यात बघू. पाऊल वाढत गेलं, हिवाळे येत गेले आणि एक दिवस तिने विचारणं सोडलं. तेव्हा काकांना हायसं वाटलं होतं, आणि वाईटही फार वाटलं होतं. तिच्या मनातला तो डोंगर चढणारा बाप खोटा ठरला तर आपण तिच्यापुढे मान वर करू शकणार नाही, एवढं त्यांना नक्की माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी घर झोपेत असतानाच काका खडू घेऊन फळ्यापाशी उभे राहिले. आदल्या संध्याकाळचे बूट त्यांनी पाहिले होते. खाली जरा ओल, वर मऊ बर्फ. पोरंटोरंही जाऊन येतील अशी झकास वाट. काकांनी एकदा मागे वळून घराच्या खिडकीकडे पाहिलं, आणि बुटांना न विचारता आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं: "वरच्या वळणावर काचेसारखा बर्फ. वाट धोक्याची." जरा विचार करून त्यांनी 'धोक्याची'खाली रेघ ओढली. ती रेघच नडली.

जावयांनी फळा वाचला आणि ते हिरमुसले. लेकीने मात्र, बाबा म्हणतात ना, मग राहू दे, असं म्हणत त्यांच्या हातातली काठी काढून घेतलीसुद्धा. काकांचा जीव भांड्यात पडला. किती समजूतदार पोर, असंही मनात येऊन गेलं.

मग गाव उठला. रोज चढायला जाणारी निवृत्त मंडळी आली, फळा वाचून आल्या पावली वळली आणि समोरच्या बेकरीत ठाण मांडून बसली. त्यांच्यामागून कॉलेजातली टोळी आली. तिने फळा वाचला आणि दुकानात होते नव्हते तेवढे काटे मागितले, कारण साधा बर्फ सगळ्यांनीच पाहिला होता, धोक्याचा कुणी पाहिला नव्हता. काका त्यांना हाकलत होते आणि ती पोरं हटत नव्हती. तेवढ्यात वर डोंगरावर कॅन्टीन चालवणाऱ्या बाईंचा फोन आला. टोपभर सूप उकळतंय आणि दारात चिटपाखरू नाही, अशी सुरुवात करून बाईंनी काकांची बरीच खबर घेतली. फळ्यावरचं त्यांना कुणीतरी कळवलं होतं; बोलता बोलता त्याचा अर्थ लक्षात आला आणि त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. त्या चार दिवसांत खाली उतरल्या नव्हत्या. आता त्या काचेवरून उतरायचं कसं? कॅन्टीनवाल्या बाईंनी फोन ठेवला आणि थेट वनखात्याच्या चौकीला लावला.

त्यामुळे थोड्याच वेळात खांद्यावर दोराची भली मोठी गुंडाळी टाकून वनरक्षक दुकानात हजर झाला. तो स्वतः आदल्या दिवशी डोंगराच्या पलीकडच्या अंगाने उतरला होता, त्यामुळे या बाजूचं त्याने काही पाहिलं नव्हतं. पाहायची गरजही त्याला वाटत नव्हती.

"फळ्यावर आलं म्हणजे असणारच," तो म्हणाला. "पण काका, वरती वळणं काय थोडीथोडकी आहेत? नेमकं कुठलं ते तुम्हीच चला दाखवायला. तिथे दोर बांधतो आणि बाईंना उतरवतो."

"मग आपण सगळेच जाऊ की," जावई म्हणाले. त्यांची कळी पुन्हा खुलली होती. "हे बरोबर आहेत, बाबा आहेत, दोर आहे. याहून आणखी काय पाहिजे?"

काका लेकीकडे बघायला लागले. आता हीच काहीतरी म्हणेल, अशी त्यांना आशा होती. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. बापाची केवढी ही काळजी, असं वाटून काकांना आणखीच भरून आलं. शिडीवरून काकू तेवढ्या म्हणाल्या, जा की, मी दुकान बघते.

कपडे चढवायला मात्र त्या आतल्या खोलीत आल्या. काकांना जॅकेटात कोंबता कोंबता त्यांनी हळूच विचारलं, "अहो, सांगून का टाकत नाही एकदाचं?"

"पोरीसमोर?"

"मग चढा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी चेन गळ्यापर्यंत ओढली.

भीतीने थंडी वाजते हे काकांना त्या दिवशी समजलं. दुनियेला अंगात कमी घाला म्हणून सांगणाऱ्या माणसाने बनियनवर बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर आणि वर जॅकेट घातलं होतं. दोन्ही हात अंगापासून लांब राहत होते. बाकडं येईपर्यंतच त्यांच्या कपाळावरून धारा लागल्या, आणि जावयांनी अत्यंत आदराने आठवण करून दिली, की बाबा, घाम हाच खरा शत्रू ना? बाकडं मागे पडलं होतं आणि इथून पुढे काकांसाठी परका मुलूख सुरू होत होता.

पण गंमत बघा. तो तितकासा परका निघाला नाही. एक ओढा लागला, आणि त्याच्या काठचा लाल चिखल बघून काका थबकले. हाच तो, जो खाचांत सुकला की सुईने टोकरावा लागतो. पुढे मुरमाड चढ लागला. हाच तो, जो टाचा खातो. वर्षानुवर्षं ज्यांच्याशी पत्रव्यवहार होता ती माणसं एकामागून एक समोर भेटावीत तसं त्यांना झालं, आणि थोडा वेळ ते भीती विसरून भराभर चाललेसुद्धा. पुढे काय लागणार ते काका आधीच सांगत होते, आणि वनरक्षक मान डोलावत होता. लेक वाटेच्या आतल्या बाजूने, कड्याला खेटून चालत होती.

मग बर्फ लागला आणि काटे चढवायची वेळ आली. काकांनी आजवर हजारो लोकांच्या पायांत काटे चढवले होते, पण ते त्यांच्यासमोर उकिडवं बसून. स्वतःच्या पायांत चढवायची वेळ कधी आलीच नव्हती. हाताला जी सवय होती तिने आपलं काम चोख केलं. समोरच्या माणसाच्या पायात बसावेत तसे काटे काकांच्या पायांत बसले, म्हणजे पुढचं टोक मागे आणि मागचं पुढे.

"काका, उलटे लागलेत," वनरक्षक म्हणाला.

काकांनी पायांकडे बघितलं. आता मागे हटून चालणार नव्हतं. "मुद्दाम लावलेत. उतरताना पकड चांगली बसते."

"पण आपण चढतोय."

"शेवटी उतरायचंच असतं ना?"

हे ऐकताच लेक पटकन खाली बसली आणि तिने आपले नीट लावलेले काटे काढून उलटे लावले. जावयांनी सासऱ्यांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं आणि एवढे दोघं जाणते म्हणतात तर, असं म्हणून आपलेही फिरवून घेतले. वनरक्षकाने बराच वेळ डोकं खाजवलं, पण स्वतःचे सरळच ठेवले. पुढची वाट ते तिघं फेंगडे पाय टाकत चालले, आणि दर चार पावलांनी एकजण घसरून दुसऱ्याला धरत होता.

वरचं वळण आलं तेव्हा ते ओळखायला बूट बघावे लागले नाहीत. एका बाजूला कडा होता आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. काका कड्याकडे तोंड करून एका दगडावर बसले आणि काठी हवेत कुठेतरी रोखून म्हणाले, की हेच वळण, याच्याच पुढे आहे, तुम्ही बघून या. मी इथे थांबतो, म्हणजे कुणी मागून आलं तर त्याला अडवता येईल. वनरक्षक आणि जावई दोराची गुंडाळी घेऊन वळणाआड गेले. काकांना सोबत म्हणून लेक मागे राहिली. ती त्यांच्या शेजारी कड्याला पाठ टेकून उभी होती, आणि तिने पाठ एवढी घट्ट टेकली होती की जॅकेट दगडाला घासल्याचा आवाज येत होता. वरून ढग उतरायला लागला होता.

आता ते दोघं परत येतील आणि सांगतील, की बर्फ नाही. मग पुढचं सगळंच बाहेर येईल. काका मनाची तयारी करत होते. कुठून सुरुवात करावी ते काही सुचत नव्हतं.

"बाबा," लेक म्हणाली, "एक सांगायचंय. रागावू नका."

काकांनी डोळे मिटले. कळलं हिला, संपलं सगळं.

"मी ना, त्याला सांगितलंय की लहानपणी दर हिवाळ्यात तुम्ही मला वर न्यायचात. त्याच्या ग्रुपमध्ये सगळे कुठे कुठे चढून आलेले. एकदा मी तुमची एक गोष्ट सांगितली, आणि त्यात कशी कोण जाणे, मी पण आले. मग दुसरी सांगितली. मग नाही म्हणायचं राहूनच गेलं."

काका डोळे उघडून तिच्याकडे बघत राहिले.

"मला उंचीची इतकी भीती वाटते, बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मघापासून मी खाली बघितलेलंच नाही. सकाळी फळा वाचला तेव्हा वाटलं, सुटले. तुम्हाला कशी तोंड दाखवणार होते मी? एवढ्या मोठ्या माणसाची मुलगी आणि ही अशी. तेवढं त्याच्यासमोर सांभाळून घ्या ना."

काकांना आधी सुटल्यासारखं झालं. मग लाज वाटली, चांगली कान गरम होईपर्यंत वाटली. आणि मग, काय सांगावं, त्या लाजेतूनच त्यांना या पोरीविषयी माया दाटून आली. नाक, डोळे, हनुवटी सगळं आईचं घेऊन आलेली ही मुलगी आपल्यावर कशात गेलीय, हा प्रश्न त्यांना नेहमी पडायचा. त्यांनी हात पुढे करून तिचा हातमोजा धरला.

"अगं वेडे, मीसुद्धा..."

पण तेवढ्यात ते दोघं वळणावरून परत आले.

"बर्फ काही दिसला नाही बुवा," वनरक्षक म्हणाला. "पुढची सगळी वळणं बघितली. मऊ वाट आहे, लहान मूलही जाईल. बाई वरून हात करत होत्या, त्यांना सांगून आलो, खुशाल उतरा म्हणून."

काकांच्या आधी लेकच बोलली. कड्यापासून इंचभरही न हलता ती म्हणाली, "उन्हाने गेला असणार. इथला काच-बर्फ असाच असतो. रात्रीच्या वाऱ्याने धरतो आणि पहिल्या उन्हाला सुटतो. नवख्याला पत्ता लागत नाही."

आवाज तिचा होता, ऐट थेट दुकानातली होती. काकांनी आजवर ही ऐट आतून वापरली होती, बाहेरून ऐकली नव्हती. किती पटण्यासारखं बोलतो आपण, असं त्यांना वाटून गेलं.

"बरोबर," ते म्हणाले. दुसरं काही म्हणणं त्यांच्या हातात नव्हतं.

जावयांना ते लगेच पटलं. त्यांनी हातमोजा काढून फोन बाहेर काढला. चोहीकडे ढग भरून आला होता आणि चार पावलांपलीकडचं काही दिसत नव्हतं, पण त्यांचा उत्साह कमी झाला नव्हता.

"आत्ता दिसणार नाही म्हणा. तरी इथून शिखर नेमकं कुठल्या बाजूला येतं? घरी दाखवायला एक फोटो घेतो."

बापाने आणि लेकीने एकाच दमात, मुळीच न अडखळता, हात केला. बापाने डावीकडे केला आणि लेकीने उजवीकडे.

वनरक्षक आपल्या दोराचं टोक निरखायला लागला. लेकीने बाबांच्या हाताकडे बघितलं, मग बाबांच्या चेहऱ्याकडे, आणि बराच वेळ तिथेच बघत राहिली. काका तिचा चेहरा पडायची वाट बघत होते. कित्येक वर्षं ज्या क्षणाला ते घाबरत आले होते तो हाच होता. पण चेहरा पडला नाही. तिचे ओठ थरथरले, गाल फुगले, आणि हसू दाबत ती कड्याला टेकलेली पाठ सोडवून सरळ त्यांच्याजवळ आली. दगडावर त्यांना चिकटून बसत तिने त्यांचा तो डावीकडचा हात खाली घेतला आणि आपल्या काखेत घट्ट धरून ठेवला.

जावयांनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. माणूस फिजिओथेरपिस्ट होता, दुखतंय कुठे हे त्याला विचारावं लागत नसे.

"हरकत नाही," ते म्हणाले. "मी दोन्हीकडचे काढतो."

आणि त्यांनी खरोखरच आधी डावीकडच्या ढगाचा फोटो काढला, मग उजवीकडच्या ढगाचा.

"एक इकडचाही घेऊन ठेवा," वनरक्षक म्हणाला आणि बापलेकीच्या डोक्यांवरून, कड्यावर, सरळ वर बोट केलं.